विश्लेषण : फी माफ झाली, वेळेचे काय? लहान मुले सांभाळून पदवी घेताना नेमके अडते कुठे?

डोक्यावर दगडी पाटे-वरवंटे, सोबत तान्हे मूल आणि शेजारी पोलिसांच्या गणवेशातील एका महिलेचे कुटुंबासह छायाचित्र. पाटे विकत विकत अभ्यास केला आणि ही माऊली फौजदार झाली, असा मजकूर त्याखाली असतो. ही पोस्ट गेली काही वर्षे व्हॉट्सअॅपवर अधूनमधून परत येते. गणवेशातील छायाचित्र खरे आहे. ते मूळच्या भंडारा जिल्ह्यातील पोलीस अधिकारी पद्मशीला तिरपुडे यांचे. पाटे वाहणारी महिला मात्र दुसरीच कोणी आहे. आपण पाटे-वरवंटे कधी विकले नाहीत, असे तिरपुडे यांनी स्वतःच स्पष्ट केले होते.

खरी हकीकत पोस्टपेक्षा कमी नाट्यमय, पण जास्त उपयोगाची आहे. लग्नानंतर नाशिकला संसार, घरची ओढाताण, लहान मुले, पतीची साथ, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी आणि त्यानंतर लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पोलीस उपनिरीक्षकपद. पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांनी डोक्यावरचा दगड ठेवला आणि मुक्त विद्यापीठ गाळले. म्हणजे जे दुसऱ्या एखादीला करता येण्याजोगे होते, नेमके तेच गळले.

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावातून हाच रस्ता आज कसा दिसतो? बारावीनंतर लग्न झालेल्या, पदरात एक-दोन लहान मुले असलेल्या आईला पदवी घ्यायची असेल तर सरकारी योजना, विद्यापीठांचे नियम आणि न्यायालयाचे निकाल तिच्या कामी येतात का, याचा हा आढावा.

शुल्कमाफीचा फायदा कोणाला?

राज्य सरकारने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केले. शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींसाठी तो लागू आहे. याआधी ही सवलत ५० टक्के होती. निर्णय मोठाच होता. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय, कृषी असे ८४२ अभ्यासक्रम त्यात येतात, असे सरकारने सांगितले.

पण अट बारकाईने वाचली पाहिजे. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून झालेला हवा. हे अभ्यासक्रम जवळपास सगळे पूर्णवेळ, रोज वर्गात किंवा प्रयोगशाळेत हजर राहून करायचे. दुसरीकडे अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण, विधी असे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मनाई आहे.

दोन्ही नियम शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. ज्याची फी माफ आहे ते घरी राहून शिकता येत नाही आणि जे घरी राहून शिकता येते ते या माफीत बसत नाही. अठरा वर्षांच्या अविवाहित मुलीसाठी हा निर्णय आयुष्य बदलणारा ठरू शकतो. दीड वर्षाचे मूल असलेल्या सव्वीस वर्षांच्या आईला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

शिवाय अनुदानित महाविद्यालयातील साध्या बी.ए.चे शिक्षण शुल्क मुळातच तुलनेने कमी असते. तिथे अडते ते पैशावर कमी आणि तासांवर जास्त.

तासांचा हिशेब काय सांगतो?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या 'वेळेचा वापर' सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या महिला त्या विनामोबदला कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, असे आढळले. पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे. मुले, आजारी किंवा वृद्ध माणसे सांभाळण्याचा वेळ वेगळा मोजला जातो. हे काम करणाऱ्या १५ ते ५९ वयोगटातील महिलांचे त्यात १४० मिनिटे जातात, पुरुषांची ७४. दोन्ही सरासरींचे गट वेगळे असल्याने त्यांची सरळ बेरीज करता येणार नाही. तरी लहान मूल असलेल्या घरात दोन्ही कामे बहुधा एकाच बाईच्या वाट्याला येतात आणि हा आकडा सात तासांच्या आसपास जातो. शेतावरची मजुरी अजून धरलेलीच नाही.

आता यात महाविद्यालय बसवून पाहायचे. सानगडी साकोली-लाखांदूर रस्त्यावर आहे. तालुक्याच्या गावी, साकोलीला, मनोहरभाई पटेल महाविद्यालय आहे. तेथील पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची, आणि नियमित विद्यार्थ्याला ७५ टक्के उपस्थितीचा नियम लागू. अंतर फार नाही. प्रश्न असतो तो एसटीची वेळ, तासिकांची वेळ आणि मुलाची झोप-जेवणाची वेळ या तिन्ही जुळवण्याचा. तासिका दोनच असल्या तरी जाणे, थांबणे, परतीच्या गाडीची वाट पाहणे यात अर्धा दिवस जातो.

प्रवासाच्या सवलतींतही एक खाच आहे. ग्रामीण भागातील मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना बारावीपर्यंतच आहे. पदवीला प्रवेश घेतला की विद्यार्थी पास विकत घ्यावा लागतो. त्यावर ६६.६७ टक्के सवलत असते. पास नसेल तर १७ मार्च २०२३ पासून सुरू झालेल्या महिला सन्मान योजनेत अर्धे तिकीट. रोज जाणारीला पास परवडतो. आठवड्यातून दोनदाच जमणारीने अर्ध्या तिकिटाशी हिशेब करून पाहावा.

परीक्षा आणि धानाचा हंगाम

या विषयावर शहरात बसून लिहिले जाते तेव्हा एक गोष्ट हमखास सुटते. विद्यापीठाचे वेळापत्रक आणि धानपट्ट्याचे वेळापत्रक एकमेकांना ओळखत नाहीत.

पूर्व विदर्भात पाऊस नीट झाला की जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालते. चिखलात वाकून पऱ्हे लावण्याचे हे काम प्रामुख्याने बायांचे. घरची बांधी असो की मजुरी, या दिवसांत बाई घरात थांबत नाही. महाविद्यालयांत प्रवेशाच्या फेऱ्या, कागदपत्रांची तपासणी आणि पहिल्या तासिका नेमक्या याच काळात. हलके धान ऑक्टोबरमध्ये कापणीला येते, भारी धान नोव्हेंबरात. मग मळणी, मग आधारभूत केंद्रावर धान नेण्याची घाई. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षांचा हंगामही याच सुमारास सुरू होतो.

उन्हाळी परीक्षांचे तेच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता. जंगलाजवळच्या गावांत ही वर्षातली रोख रक्कम हाती येण्याची मोजकी संधी असते. मोहफुले पहाटे वेचावी लागतात, तेंदूपत्ता भल्या सकाळी तोडून दुपारी त्याचे पुडे बांधायचे असतात. जिथे पाण्याची सोय आहे तिथे उन्हाळी धानाची कापणीही मे महिन्याच्या आसपास येते.

अशा वेळी पेपर बुडाला तर विद्यापीठाच्या नोंदीत 'गैरहजर' एवढेच लागते. मूल तापाने फणफणले होते की रोवणीची मजुरी सोडता आली नाही, याला गुणपत्रिकेत रकाना नाही. पुढच्या सत्रात तो विषय पुन्हा द्यायचा, म्हणजे पुन्हा परीक्षा अर्ज, पुन्हा शुल्क आणि परीक्षा केंद्राच्या पुन्हा फेऱ्या. तीन वर्षांची पदवी पाच-सहा वर्षांवर जाते ती अशी, एकेका पेपराने.

मुक्त विद्यापीठ हा कितपत पर्याय?

आजही सर्वांत व्यवहार्य पर्याय हाच दिसतो. राज्याने कायदा करून १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन केले. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. त्याची रचनाच नोकरदार, गृहिणी, शेतकरी अशा, रोज वर्गात येऊ न शकणाऱ्यांसाठी आहे. स्वयंअध्ययनाची पुस्तके, जवळच्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र, तिथे ठरावीक दिवशी संपर्क सत्रे आणि शेवटी परीक्षा. भंडारा जिल्हा विद्यापीठाच्या नागपूर विभागीय केंद्राच्या कक्षेत येतो.

'बाहेरून केलेली' पदवी चालते का, हा प्रश्न गावागावांत विचारला जातो. उत्तर स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात दिलेली मुक्त किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा जाहीर केले. लोकसेवा आयोग असो की जिल्हा निवड समिती, पात्रतेत फरक पडत नाही. प्रवेश घेण्याआधी एक खबरदारी मात्र घ्यावी. त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे संकेतस्थळावर तपासावे. गल्लीतल्या 'एका वर्षात पदवी' देणाऱ्या केंद्राकडे पैसे भरून फसलेल्यांच्या बातम्या दर वर्षी येतातच.

मुक्त विद्यापीठातही अडचणी संपत नाहीत. प्रवेश, शुल्क, हॉल तिकीट, सूचना, सगळे मोबाइलवर आले आहे. आणि मोबाइल घरात असणे म्हणजे तो बाईच्या हातात असणे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ग्रामीण महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या महिला जेमतेम चारात एक होत्या. त्यानंतर स्मार्टफोन बराच पसरला. तरी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेचा संदेश नवऱ्याच्या फोनवर येतो आणि तो फोन कामावर गेलेला असतो, ही अडचण आकडा वाढला म्हणून सुटत नाही. नोंदणी करताना स्वतःचा क्रमांक देणे, निदान माहेरच्या किंवा मैत्रिणीच्या हाताशी असणारा देणे, ही साधी गोष्ट पुढचा बराच ताप वाचवते.

शिकताना बाळंतपण आले तर?

नोकरीत असलेल्या महिलेला प्रसूती रजेचा कायदा आहे. विद्यार्थिनीला असा स्वतंत्र कायदा नाही. पीएच.डी. आणि एम.फिल.च्या विद्यार्थिनींना २४० दिवसांपर्यंत रजा देण्याची तरतूद यूजीसीने २०१६ च्या नियमावलीत केली. बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या मुलींचा विचार व्हायला आणखी पाच वर्षे लागली. १४ डिसेंबर २०२१ च्या पत्रात यूजीसीने सर्व विद्यापीठांना पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजेचे नियम करण्यास, उपस्थितीत सवलत आणि परीक्षा अर्जाला मुदतवाढ देण्यास सांगितले.

त्याच महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका तंत्रज्ञान विद्यापीठाला पदवीच्या विद्यार्थिनींसाठी असे नियम करण्याचे आदेश दिले. केरळमधील महात्मा गांधी विद्यापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींना ६० दिवसांची प्रसूती रजा मंजूर केली.

सर्वांत स्पष्ट निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा. मे २०२३ मध्ये एम.एड.च्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण तिथे आले. बाळंतपणामुळे उपस्थिती कमी पडली म्हणून विद्यापीठाने सवलत नाकारली होती. शिक्षणाचा हक्क आणि मातृत्वाचा निर्णय यातून एकाचीच निवड करायला बाईला भाग पाडता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि ५९ दिवसांच्या रजेचा विचार करून तिची उपस्थिती नव्याने मोजण्यास सांगितले. ८० टक्क्यांची अट रद्द झाली नाही. रजेचे दिवस वजा करून ती मोजायची, एवढाच बदल. पण त्या 'एवढ्याच' बदलावर तिचे पूर्ण वर्ष अवलंबून होते.

सानगडीच्या विद्यार्थिनीला याचा उपयोग कसा करता येईल? यूजीसीचे पत्र म्हणजे कायदा नव्हे, ती विद्यापीठांना केलेली सूचना आहे. तरी अर्ज करताना त्या पत्राची तारीख नमूद करणे, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडणे आणि हे सगळे बाळंतपणाआधीच महाविद्यालयाच्या आवक खात्यात नोंदवून पोच घेणे शक्य आहे. उपस्थितीची यादी लागल्यानंतर केलेल्या विनंतीपेक्षा आधी दिलेल्या अर्जाला वजन असते.

मूल ठेवायचे कुठे?

सगळे इथे येऊन थांबते. आजी-आजोबा घरात असतील आणि तयार असतील तर प्रश्न निम्मा मिटतो. नसतील तर अंगणवाडी. पण अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी बसवतात ती तीन ते सहा वर्षांची मुले, तीही दिवसातले काही तासच. तीन वर्षांखालच्या बाळांना अंगणवाडीतून घरपोच आहार मिळतो, सांभाळ नाही. आईला सर्वाधिक बांधून ठेवणारी वर्षे हीच.

पाळणाघराच्या बाबतीत आपले कायदे कामावर जाणाऱ्या बाईपुरते विचार करतात. कारखाने कायद्यात ३० महिला कामगारांमागे पाळणाघर आले, २०१७ च्या दुरुस्तीने ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला ते बंधनकारक झाले. रोजगार हमीच्या कामावरही सहा वर्षांखालची पाच मुले असतील तर ती सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमण्याची तरतूद आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आईच्या मुलासाठी असे बंधन कोणावरही नाही.

यात एक बदल झाला आहे, त्याची चर्चा फारशी झाली नाही. केंद्राच्या जुन्या पाळणाघर योजनेत आई नोकरी-मजुरी करणारी हवी, अशी कल्पना होती. २०२२ पासून 'मिशन शक्ती'अंतर्गत आलेल्या 'पाळणा' योजनेत आई नोकरी करते की नाही, ही अट उरली नाही. सहा महिने ते सहा वर्षांची मुले, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास आणि शक्य तिथे अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, अशी तिची मांडणी आहे. म्हणजे शिकणाऱ्या आईचे मूलही त्यात बसते. देशभरात अशी १७ हजार अंगणवाडी-पाळणाघरे उभारण्याचे लक्ष्य होते. लाखाने गावे असलेल्या देशात हा आकडा किती पुरणार, हे सांगायला गणित नको. आपल्या भागात असे केंद्र आहे का, नसेल तर प्रस्तावात आहे का, हे एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या तालुका कार्यालयात विचारता येते. ग्रामसभेत ठरावही मांडता येतो.

सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न ज्यांना कळला होता त्यांनी त्याचे उत्तर निवासातून दिले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. त्या कामाला वाहून घेतलेल्या पार्वतीबाई आठवले या बाया कर्वे यांच्या धाकट्या बहीण. त्या तरुणपणी विधवा झाल्या तेव्हा एका मुलाची आई होत्या आणि बहिणीच्या घराच्या आधारानेच त्यांचे शिक्षण झाले. शिकवणारे मिळण्याआधी मूल सांभाळणारे घर मिळावे लागते, हे तेव्हाही असेच होते.

अर्थात घर असले तरी साथ असतेच असे नाही. कोकणातून मुंबईत आलेल्या लेखिका ऊर्मिला पवार यांनी सरकारी नोकरी, संसार आणि मुले सांभाळत मराठी विषयात एम.ए. केले. २००३ मध्ये आलेल्या 'आयदान' या आत्मकथनात त्यांनी घरातून झालेल्या विरोधाबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. पगार घेऊन येणारी बायको आणि पुस्तक घेऊन बसणारी बायको यांच्याकडे घर वेगळ्या नजरेने पाहते. विनोद वाटावा अशी ही गोष्ट अनेक घरांत अजून जशीच्या तशी आहे.

लग्नानंतर बदललेल्या नावाचा घोळ

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँक खात्यावर कधी तिसरेच. विद्यार्थ्यांच्या श्रेयांकांची नोंद ठेवणारी 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' डिजिलॉकरमार्गे आधारशी जोडलेली आहे. शिष्यवृत्तीची रक्कमही आधार जोडलेल्या खात्यात येते. नाव जुळले नाही की अर्ज अडतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, किंवा राजपत्रात नावबदलाची नोंद, यापैकी एक कागद प्रवेशाच्या आधीच तयार ठेवलेला बरा.

जातीचा दाखला वडिलांकडून येतो, तो लग्नाने बदलत नाही. त्यामुळे माहेरची कागदपत्रे लागतात. उत्पन्नाचा दाखला मात्र मागासवर्गीयांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसारख्या योजनांत कमावत नसलेल्या विवाहितेसाठी पतीच्या उत्पन्नाचा धरला जातो. दोन घरे, कधी दोन तालुके, दोन तलाठी. पती हयात नसेल किंवा सोडून गेलेला असेल तर ही धावपळ आणखी वाढते. शिक्षणात पडलेल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र वेगळे.

एकट्या आईसाठी एक योजना इथे नोंदवण्यासारखी आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या किंवा एकट्या पालकाकडे असलेल्या पात्र मुलांसाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे. ही रक्कम मुलाच्या संगोपनाची आहे, आईच्या शिक्षणाची नाही. पण त्या घरातला ताण कमी करायला ती उपयोगी पडते. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये ज्यांना मिळतात त्यांच्यासाठी वर्षाचे १८ हजार होतात. तो पैसा पदवीकडे वळतो की किराण्याकडे, हे घर ठरवते.

नव्या शैक्षणिक धोरणाने सोपे झाले का?

कागदावर, हो. २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. एका वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. मिळवलेले श्रेयांक बँकेत सात वर्षांपर्यंत राहतात. बाळंतपणासाठी दोन वर्षे थांबून परत येणाऱ्या बाईसाठी यापेक्षा चांगली कल्पना दुसरी नसेल. पूर्वी 'शिक्षण सुटले' असे म्हटले जायचे, आता ते 'थांबले' असे म्हणता येते.

अडचण तपशिलात आहे. मध्येच प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे तर नेहमीच्या श्रेयांकांखेरीज चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. शिवाय नव्या रचनेत वर्षअखेरच्या एका परीक्षेवरचा भर कमी करून अंतर्गत मूल्यमापन, क्षेत्रप्रकल्प, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना जागा दिली आहे. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच. पण या प्रत्येक गोष्टीसाठी वारंवार हजर राहावे लागते. जुन्या पद्धतीत घरी अभ्यास करून थेट परीक्षेला बसणारी बाई कशीबशी निभावून नेत होती. तिच्यासाठी नवी पद्धत एका दाराने मोकळी आणि दुसऱ्या दाराने अधिक कडक झाली आहे.

एवढे करून पदवीने काय मिळते?

हा प्रश्न घरात पहिला विचारला जातो, म्हणून त्याला नेमके उत्तर हवे. अंगणवाडी सेविकेसाठी किमान पात्रता बारावी आहे. पण निवडीच्या गुणांत पदवी असेल तर जास्त गुण मिळतात, विधवा असल्यास त्याचेही. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका पदाला पदवीच लागते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, या पदालाही कोणत्याही शाखेची पदवी चालते. २०२३ च्या भरतीत ही ४ हजार ६०० हून अधिक पदे होती. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचे दारही पदवीनेच उघडते. महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे.

वयाची मर्यादा येथे आईच्या बाजूने आहे. अशा अनेक पदांसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. एकविसाव्या वर्षी लग्न, सव्विसाव्या वर्षापर्यंत दोन मुले, तिथून पाच-सहा वर्षे रडतखडत पदवी असे धरले तरी बत्तीसाव्या वर्षी तिच्या हातात सहा ते अकरा वर्षे उरतात. फक्त लहान कुटुंबाची अट विसरून चालत नाही. २८ मार्च २००६ नंतरच्या जन्मामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर राज्य सरकारी सेवेसाठी अपात्रता येते.

स्पर्धा मात्र अफाट आहे. तलाठी भरतीला दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. पदवी म्हणजे नोकरी, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. पदवी नसेल तर अर्जही करता येत नाही, एवढेच खरे.

अशा आया किती आहेत?

देशातील उच्च शिक्षणाची गणना करणाऱ्या 'आयशे' अहवालानुसार २०२१-२२ मध्ये ४.३३ कोटी विद्यार्थी शिकत होते, त्यात २.०७ कोटी मुली. प्रवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग अशी विभागणी अहवालात मिळते. विद्यार्थिनी विवाहित आहे का, तिला मूल आहे का, याची मिळत नाही. त्यामुळे साकोली तालुक्यात अशा पन्नास आहेत की पाचशे, हे महाविद्यालयाला सांगता येत नाही, विद्यापीठालाही नाही. पाळणाघर कुठे हवे, संपर्क सत्र रोवणीनंतर ठेवायचे का, पुरवणी परीक्षा कधी घ्यायची, हे ठरवताना हाच आकडा लागतो. प्रवेश अर्जात त्यासाठी एक ऐच्छिक रकाना वाढवावा लागेल. तो वाढवण्याचा अधिकार विद्यापीठाकडे आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.